पहिली एकनळी बंदूक: बोअर ठरवण्याआधी पाहायच्या गोष्टी

पाटण तालुक्यातील एका शेतकरी गृहस्थांनी विचारले आहे, की त्यांचा पुतण्या आता २२ वर्षांचा झाला असून त्याला बंदुकीची आणि शिकारीची फार ओढ आहे. घरात त्यांच्या ७४ वर्षांच्या वडिलांच्या परवान्यावर बारा बोअरची एक जुनी एकनळी आहे. तीच मुलाच्या हाती द्यावी, की त्याच्यासाठी नवी, हलकी एकनळी घ्यावी, आणि घ्यायची तर कोणत्या बोअरची, असा त्यांचा प्रश्न आहे. शेवटी त्यांनी एक ओळ जोडली आहे, की धाकटा पुतण्या १४ वर्षांचा आहे आणि तोही हट्ट धरून बसला आहे. मी सैन्यात ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा होतो, आणि निवृत्तीनंतर साताऱ्यात एका परवानाधारक विक्रेत्याकडे अनेक वर्षे दुरुस्तीच्या बाकावर बसलो. या भागातल्या जुन्या घरांतल्या पुष्कळ बंदुका माझ्या हातांखालून गेल्या आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

प्रश्नातील शिकार हा शब्द आधी बाजूला काढावा लागेल. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर आपल्याकडे शौकाची शिकार उरलेली नाही. ससा, तितर, मोर, भेकर यांपैकी कशावरही बार काढणे हा गुन्हा आहे, मग ते जनावर आपल्याच बांधावर का असेना. रानडुकराने भुईमूग उकरला किंवा रताळ्याचे वाफे उलथले, तर नुकसानभरपाईचा अर्ज आहे, आणि फार झाले तर वनखात्याची लेखी परवानगी आहे. परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता असते, ते घरी आणता येत नाही. आपले गाव कोयनेच्या बाजूला असेल, तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उशाशी आहे हेही विसरू नये. तेव्हा पुतण्याला जी बंदूक मिळेल ती घराच्या आणि पिकाच्या रक्षणासाठी आणि हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी करण्यासाठी. एवढे त्याला मान्य असेल तरच पुढचे वाचण्यात अर्थ आहे. मान्य नसेल, तर पहिली बंदूक कोणती हा प्रश्न उद्भवतच नाही.

इंटरनेटवर या विषयावर जे सल्ले सापडतात ते बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे बारा-तेरा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर रीतसर परवाना काढून हरणाच्या किंवा खारीच्या शिकारीला जातो, आणि त्याच्या हाती चारशे दहा या अरुंद मापाची किंवा वीस बोअरची एकनळी, नाहीतर दोनशे त्रेचाळीस मापाची एकबारी रायफल देतात. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅरिंग्टन अँड रिचर्डसन या कंपनीच्या साध्या एकनळ्यांवर तिथल्या कित्येक पिढ्या शिकल्या. तो सल्ला त्या जागी चुकीचा नाही. पण तिथला कायदा, तिथले रान आणि तिथल्या दुकानातली काडतुसे आपल्याकडे नाहीत, आणि या तीन गोष्टी वगळल्या तर त्या सल्ल्यातले फार थोडे आपल्या उपयोगाचे राहते. जे राहते ते मात्र मोलाचे आहे: शिकणाऱ्याच्या हातात एका वेळी एकच बार काढणारी बंदूक असावी.

याची कारणे लोक निराळी सांगतात. स्वस्त, हलकी, साधी, हे सगळे खरे आहे, पण मला दोन कारणे महत्त्वाची वाटतात. मधून मोडणारी, म्हणजे बिजागरीवर नळी खाली झुकवून उघडणारी एकनळी उघडी करून कोपरावर टाकली, की दहा पावलांवरच्या माणसालाही दिसते की ती रिकामी आहे. शिकवणाऱ्याला मुलाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही, त्याच्या डोळ्यांना प्रकाश आरपार दिसतो. दुसरे असे, की दुसरा बार हाताशी नसला म्हणजे पहिल्या बाराआधी माणूस थांबतो. दुनळीवर शिकलेले पुष्कळ जण पहिला बार घाईने वाया घालवतात आणि दुसऱ्यावर नेम धरतात. ती सवय नंतर जात नाही. आपल्याकडे जुन्या घरांतून क्वचित ग्रीनर कंपनीची जीपी नावाची एकनळी सापडते. ती मोडत नाही, मार्टिनी पद्धतीच्या खालच्या दांडीने उघडते. अतिशय मजबूत आणि माझ्या स्वतःच्या आवडीची बंदूक आहे, पण ती भरलेली आहे की रिकामी हे लांबून कळत नाही, म्हणून नवशिक्याला मी ती देत नाही.

आता बोअर. हा शब्द पुष्कळांना फक्त आकडा म्हणून माहीत असतो. नळीच्या आतल्या व्यासाएवढ्या शिशाच्या गोळ्या ओतल्या आणि एका पौंडात बारा बसल्या, तर ती बारा बोअर. वीस बसल्या, तर वीस बोअर. म्हणून आकडा वाढतो तशी नळी अरुंद होते: बारा बोअरची सुमारे १८.५ मिलिमीटर, वीसची १५.६. चारशे दहा मात्र या हिशेबातली नाही. ती इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली प्रत्यक्ष रुंदी आहे, म्हणजे साधारण १०.४ मिलिमीटर. मुलासाठी चारशे दहा घ्यावी असे पुष्कळांना वाटते, कारण ती वजनाला आणि धक्क्याला हलकी. पण तिच्या काडतुसात छर्रे जेमतेम मावतात, आणि उडत्या तबकडीवर त्यांचा विरळ घोस टाकणे हे मुरलेल्या माणसाचे काम आहे. नवशिका तिच्याने चुकतच राहतो आणि दोष स्वतःला देतो. धक्का कमी म्हणून मुलाला शिकायला सर्वांत कठीण बंदूक द्यायची, हे मला कधी पटले नाही.

वीस बोअर ही समजूतदार निवड ठरली असती, पण काडतुसे मिळण्याचा प्रश्न येतो. सातारा, कराड, सांगली या पट्ट्यातल्या दुकानांत बारा बोअरची काडतुसे मिळतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसे जुन्या परवानाधारकांना ओळखीची आहेत. वीससाठी वाट पाहावी लागते, आणि काडतुसाअभावी सराव थांबला तर बंदूक घेऊन उपयोग काय? शिवाय वीसमध्ये एक जीवघेणा धोका आहे, आणि तो घरात आधीच बारा बोअर असेल तेव्हाच निर्माण होतो. वीसचे काडतूस चुकून बाराच्या नळीत टाकले, तर ते चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागातून, पुढे घसरून चेंबरच्या लगेच पुढे नळी अरुंद होते तिथे अडकते. बार उडत नाही, माणूस बंदूक मोडून पाहतो तो चेंबर रिकामे दिसते, म्हणून तो बाराचे काडतूस घालतो आणि चाप ओढतो. पुढे काय होते ते सांगण्याची गरज नाही. वीसची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची प्रथा याच कारणाने पडली. आपल्या घरी बारा बोअर आहे, म्हणून दुसरी बंदूक वीस बोअरची नको, हे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला बारा बोअरचा धक्का. काडतूस तेच असेल, तर खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा बंदुकीच्या वजनाच्या उलट प्रमाणात असते. साडेतीन किलोच्या बंदुकीपेक्षा अडीच किलोची बंदूक त्याच काडतुसाने सुमारे ४० टक्के जास्त मारते. दुकानात हातात घेतल्यावर जी एकनळी पिसासारखी वाटते, तीच पंचविसाव्या बाराला खांदा निळा करते, आणि नेमके हेच गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. म्हणून हलकी शोधू नका; पावणेतीन किलोच्या आसपासची किंवा त्याहून थोडी जड शोधा, आणि शिकण्याच्या काळात काडतूस हलके वापरा. ऑलिंपिकमधले ट्रॅप नेमबाज २४ ग्रॅम छऱ्यांच्या काडतुसाने ११० मिलिमीटरची तबकडी फोडतात. पुतण्याला त्याहून जड काडतुसाची काहीही गरज नाही.

पण बोअर आणि वजन यांच्याहीपेक्षा ज्याकडे मी पहिल्यांदा पाहतो, तो माणसाचा डोळा. आपल्या दोन डोळ्यांपैकी एकावर मेंदू जास्त भिस्त ठेवतो, त्याला मी मालक डोळा म्हणतो, आणि तो उजव्या हाताच्या माणसाचा उजवाच असेल असे नाही. दोन्ही हात पुढे ताणून अंगठा आणि बोटे यांतून लहान त्रिकोणी खिडकी करायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरचा विजेचा खांब पाहायचा, मग एक-एक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने पाहताना खांब खिडकीत राहतो, तो आपला नेमाचा डोळा. एकदा कराडकडचा एक तरुण माझ्याकडे बंदूक घेऊन आला होता. नळी वाकडी आहे, सगळे बार डावीकडे जातात, अशी त्याची तक्रार होती. नळी सुतासारखी सरळ होती. त्याचा डावा डोळा मालक होता आणि तो उजव्या खांद्यावरून दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरत होता. डाव्या खांद्यावर बंदूक घ्यायला शिकल्यावर महिन्याभरात त्याचा नेम सुधारला. २२ व्या वर्षी खांदा बदलणे जड जाते, पण जमते. नाही जमले, तर सरावाच्या चष्म्यावर मालक डोळ्यासमोर लहानशी अर्धपारदर्शक पट्टी चिकटवणे हा दुसरा उपाय आहे. पुतण्याची ही परीक्षा आज संध्याकाळी ओट्यावर बसून करता येईल, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

त्यानंतर दस्ता, म्हणजे खांद्याला लागणारा मागचा लाकडी भाग. कोपराच्या वळणात दस्त्याचे टोक ठेवून बोटाचे पहिले पेर चापावर येते का ते पाहण्याची जुनी रीत सगळीकडे चालते. ती ढोबळ आहे, पण अगदी निरुपयोगी नाही. खरी पारख बंदूक खांद्याला लावल्यावर होते. गाल दस्त्यावर सहज टेकला पाहिजे, डोळा आपोआप नळीच्या वर आला पाहिजे, आणि मुठीतला अंगठा व नाक यांत दोन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. अंतर कमी असेल, तर धक्क्याने अंगठा नाकावर येतो. जास्त असेल, तर दस्ता शर्टात अडकतो आणि खांद्याऐवजी दंडावर बसतो. प्रौढांच्या बंदुकांत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण १४ ते साडेचौदा इंच असतात. बेताच्या उंचीच्या मुलाला ते जास्त होतात. इथे मी केलेली एक चूक सांगतो. पूर्वी एका घरच्या चुणचुणीत पोरासाठी त्याच्या वडिलांच्या आग्रहाने मी चांगल्या अक्रोडाच्या दस्त्याचा मागचा भाग कापला, आणि कापलेला तुकडा फेकून दिला. दोन वर्षांत पोरगा बापाच्या डोक्यावर गेला, आणि तो सुंदर दस्ता कोणाच्याच खांद्याला बसेना. तेव्हापासून कापावे लागलेच तर तुकडा जपून ठेवतो, म्हणजे स्क्रूने परत बसवता येतो. जास्तीची लांबी हवी असेल, तर मागे रबराची गादी लावतो. धक्काही त्याने काही अंशी मऊ होतो. आपला पुतण्या २२ वर्षांचा असल्याने त्याची उंची आता वाढायची नाही, म्हणून त्याचे माप एकदाच नीट घेतले की काम झाले.

घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर ठोका देणारा भाग, याबद्दल दोन मते आहेत. बाहेर दिसणाऱ्या घोड्याची बंदूक नवशिक्यासाठी सुरक्षित, कारण घोडा चढला आहे की नाही ते दिसते, असे एक मत. ते अर्धे खरे आहे. धोका घोडा चढवताना नसतो, उतरवताना असतो. भरलेल्या बंदुकीचा घोडा अंगठ्याने धरून, चाप दाबून हळूहळू खाली आणायचा असतो, आणि जानेवारीच्या पहाटे गारठलेला किंवा वैशाखात घामेजलेला अंगठा निसटायला क्षण पुरतो. जुन्या बंदुकांत घोडा अर्धवट चढवून अडकवण्याचा टप्पा झिजलेला असतो, तो तर अजिबात भरवशाचा नसतो. माझा नियम असा आहे, की आधी बंदूक मोडायची, काडतूस बाहेर काढायचे, मग रिकाम्या नळीवर घोडा उतरवायचा. पुष्कळ एकनळ्या घोडा चढलेला असताना मोडतात. आपली मोडत नसेल, तर ती नवशिक्याची बंदूक नव्हे. आत घोडा असलेल्या बंदुकीत हा प्रश्न येत नाही, पण तिच्या सुरक्षा-खटक्यावर भिस्त ठेवण्याची वेगळी वाईट सवय लागते. खटका ही यंत्रातली एक लहानशी पट्टी आहे, आणि पट्टी झिजते.

आता आजोबांच्या बंदुकीकडे येतो, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तिच्यातच आहे. जुनी एकनळी चांगल्या अवस्थेत असेल, तर तिच्यापेक्षा चांगली पहिली बंदूक विकत मिळणे अवघड आहे, आणि अवस्था वाईट असेल, तर ती भिंतीवरही ठेवू नये. भिंतीवरून आठवले: वर्षानुवर्षे टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते. बाहेरून काही दिसत नाही, आणि तेवढी माती नळी फुटायला पुरेशी असते. म्हणून कोणतीही बंदूक हातात आली की पहिले काम म्हणजे ती मोडून नळीतून उजेड पाहणे, मग ती कालच पाहिलेली का असेना.

उजेडाकडे नळी धरून हळूहळू फिरवल्यावर आतल्या चकाकीत गोल कडीसारखी सावली दिसली, तर तिथे नळी कधीतरी फुगलेली आहे. ती बंदूक तिथेच बाद. गंजाचे बारीक खड्डे चेंबरच्या पुढे, जिथे दाब सर्वांत जास्त असतो तिथे असतील, तर ते गंभीर मानावेत. टोकाकडे असतील, तर तितके नाही. नळीखालचे लाकूड काढून बंदूक मिटलेल्या स्थितीत नळी आणि सांगाडा हलवून पाहावा. खडखड जाणवली, तर सांधा सैल झाला आहे. दस्ता जिथे लोखंडाला भेटतो, तिथे केसासारखी चीर पडलेली असते, ती तेलाने आणि मळाने झाकलेली असते, म्हणून तिथे कपडा घासून पाहावा. चाप साधारण दोन किलोच्या ओढीला सुटावा. धान्य तोलायच्या स्प्रिंगच्या काट्यानेही ते मोजता येते. याहून हलका चाप शिकणाऱ्याच्या बंदुकीत नको. नळीवर नागमोडी वेलबुट्टी दिसत असेल, तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या वळून केलेली जुनी नळी असण्याचा संभव आहे. दिसायला देखणी असली, तरी अशा नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या असतात, आणि त्यात आजचे काडतूस कधीही घालू नये.

चेंबरची लांबी ही जुन्या बंदुकांत सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी गोष्ट आहे. पूर्वीच्या बारा बोअरची चेंबरे ६५ मिलिमीटरची असत, आजची बरीच काडतुसे ७० ची असतात. दुकानदार म्हणतो, बसते ना, मग चालते. बसते, हे खरे. कारण खोक्यावर लिहिलेली लांबी ही बार उडाल्यानंतरच्या, तोंड उलगडलेल्या नळकांड्याची असते. न उडालेले काडतूस त्याहून बरेच आखूड असते, म्हणून ते ६५ च्या चेंबरमध्ये निमूट बसते. बार उडताना मात्र त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही, छऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. नळीच्या खालच्या बाजूला सपाटीवर चाचणीचे शिक्के असतात, बर्मिंगहॅमचे, लंडनचे, बेल्जियमच्या लिएजचे किंवा आपल्याकडच्या कारखान्याचे, आणि त्यांत चेंबरची लांबी बहुधा सापडते. शिक्के झिजले असतील, तर मापकाने मोजून घ्यावे. मोजल्याशिवाय कोणतेही काडतूस घालू नये, यात मी कोणाचीच सवलत मानत नाही.

आणखी एक गोष्ट एकनळीच्या स्वभावाची आहे. बहुतेक एकनळ्या फुल चोकच्या, म्हणजे टोकाला आवळलेल्या असतात. ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात त्यांचे सुमारे ७० टक्के छर्रे जातात, तर न आवळलेल्या नळीचे सुमारे ४० टक्के. लांबच्या नेमाला हे उत्तम, पण नवशिका वीस-पंचवीस यार्डांवरच्या तबकडीवर शिकतो, आणि तिथे फुल चोकचा घोस फारसा पसरत नाही. चोक मोकळा करून घेता येतो, पण आजोबांच्या बंदुकीला मी ते करणार नाही. सुरुवातीला स्थिर नेम आणि मग समोरून सरळ दूर जाणारी तबकडी, एवढ्याने भागते. जुन्या लोकांना गोळीचे काडतूस घालायची सवय असते. नळीच्या मापाची गोळी फुल चोकमधून काढू नये, टोक फुगते.

छऱ्यांचा विषय आपल्या जिल्ह्यांत पिकाशी जोडलेला आहे, म्हणून त्यावर अधिक बोलतो. सहा नंबरचे बारीक छर्रे सुमारे दोनशे मीटरपर्यंत जातात, तर एलजीच्या मोठ्या गोळ्या, ज्या एका काडतुसात सहा-सातच असतात, सातशे मीटरपर्यंत पोहोचू शकतात. कृष्णा, कोयना आणि वारणेच्या काठच्या उसात सातशे मीटर म्हणजे पाच-सहा जणांची शेते. शेतीच्या मोटारींना वीज पुष्कळदा रात्रीच मिळते, त्यामुळे उसाला पाणी द्यायला माणसे रात्री दोन वाजताही सरीत उभी असतात, हातातली बॅटरी बंद असते, आणि ऊस सळसळला की ते डुक्कर आहे की शेजारचा तुकातात्या, हे कानाने कळत नाही. हंगामात तर ऊसतोड कामगारांच्या खोपी फडाच्या कडेलाच असतात. पिकाच्या रक्षणासाठी आकाशाकडे काढलेला बारसुद्धा बारीक छऱ्याचाच असावा. उसाकडे तोंड करून बार काढायचा नाही, कधीच नाही. पुतण्याला बंदूक देण्याआधी हे वाक्य त्याच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतले तरी मी आपल्याला हसणार नाही. एलजीची काडतुसे पहिल्या वर्षी घरात आणूच नयेत.

१४ वर्षांच्या धाकट्यासाठी उत्तर सोपे आहे. परवान्याची बंदूक बाळगण्यासाठी कायद्याने २१ वर्षे पूर्ण लागतात, तेव्हा त्याच्या हाती ती एकट्याने पडण्याचा प्रश्नच नाही. त्याला पॉइंट वन सेव्हन सेव्हनची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची एअर रायफल द्यावी; २० ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या अशा रायफलीला परवाना लागत नाही. तीही एकाच छऱ्याची असते आणि प्रत्येक छऱ्याला पुन्हा दाब भरावा लागतो, म्हणून थांबायला शिकवते. मात्र परवाना लागत नाही म्हणजे ती खेळणे आहे असा अर्थ नव्हे. तिचा छर्रा शेदोनशे मीटर सहज जातो, दगडावरून उलटतो आणि डोळा घालवतो. सरावाला चष्मा आणि मागे मातीचा ढिगारा हवाच. पारव्यांवर आणि होल्यांवर ती चालवली, तर थोरल्याला लागू असलेला कायदा धाकट्यालाही लागू आहे. मुलात खरोखर चिकाटी दिसली, तर त्याला दहा मीटरच्या खेळाकडे वळवावे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, आणि त्याच जिल्ह्याच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेत्या झाल्या. आपल्या मातीत हा खेळ रुजलेला आहे, आणि पुण्याच्या बालेवाडीची रेंज काही फार लांब नाही.

परवान्याबाबत आपली स्थिती अनुकूल आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाचे वय ७० झाले असेल, किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असेल, तर तो हयातीतच आपल्या कायदेशीर वारसाच्या नावे ते करू शकतो. आपले वडील पहिल्या अटीत बसतात. नातवाने जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतःचा अर्ज करावा लागेल, पोलीस चौकशी होईल आणि शस्त्र हाताळणीचे सुरक्षा प्रशिक्षण घ्यावे लागेल. निव्वळ पीकरक्षणासाठी कायदा मुळात ठासणीच्या बंदुकीचा विचार करतो, आणि ती अपुरी आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी देतो. म्हणून वारसाच्या मार्गाने जाणे अधिक सरळ आहे. परवाना नातवाच्या नावावर येईपर्यंत त्याने बंदूक एकट्याने शेतावर नेऊ नये. आजोबा घरी झोपलेले आणि नातू बांधावर, ही गोष्ट पुष्कळ घरांत सर्रास चालते, आणि ती बेकायदेशीर आहे.

तेव्हा नवी बंदूक आता घेऊ नका. आधी जुनी तपासून घ्या. तपासणीत ती बाद झाली, तरच नवी बारा बोअरची, ७० मिलिमीटर चेंबरची, पावणेतीन किलोच्या पुढची, मधून मोडणारी एकनळी पाहा. नळी २० इंचांहून कमी नको, कारण साध्या परवान्यावर कायद्याची तीच किमान मर्यादा आहे, आणि तबकडीसाठी २८ इंचांची बरी. मापासाठी पुतण्याला दुकानात बरोबर न्या. काका त्याच्यासाठी एकटेच बंदूक पसंत करून आले, असे होऊ देऊ नका.

जुनी तपासणीला आणताना आजोबांनी स्वतः यावे, किंवा दुरुस्तीसाठी नेत असल्याचे त्यांच्या सहीचे पत्र आणि मूळ परवाना बरोबर असावा. कायदा दुरुस्तीसाठी तेवढी मुभा देतो. बंदूक सुटी करून, कापडात गुंडाळून आणावी, आणि काडतुसे घरीच ठेवावीत. पाटणच्या पावसाळ्यात ती चामड्याच्या खोळीत ठेवलेली असेल, तर आजच बाहेर काढा, चामडे ओल धरते. आणि आत गोडेतेल घातले असेल तर तेही सांगा; ते वर्षभरात डिंकासारखे होते, आणि चाप जड लागण्याचे कारण बहुधा तेच निघते.